रिटायर झाल्यावर आंदोलन आणि घर: कोणतं काम घ्यायचं, कोणतं दुसऱ्याला द्यायचं

प्रश्न विचारणारे भाऊ नागपूरचे आहेत. वय ६१. राज्य शासनाच्या नोकरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आज ते पेन्शनरांच्या संघटनेचे कोषाध्यक्ष आहेत, झाडं वाचवणाऱ्या एका गटात आहेत आणि एका पक्षाचं वॉर्डातलं कामही त्यांच्याकडे आहे. घरी पत्नी, सरकारी नोकरीतला मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. मुलगी अमेरिकेत असते, पुढच्या वर्षी तिच्याकडे जायचं आहे. यंदा २० डिसेंबरपासून सगळ्यांनी कोकणात जायचं ठरलंय आणि नेमकं तेव्हाच विधिमंडळाचं अधिवेशन असेल. पत्नी म्हणतात, "नोकरीत होते तेव्हा रविवारी तरी घरी राहत होते." भाऊंचा प्रश्न: वेळेचं गणित बसवायचं कसं?

भाऊ, पेच वेळेचा नाही. वेळ तुमच्याकडे नोकरीत होता त्यापेक्षा जास्तच आहे. नोकरीत असताना तुमच्या वेळेला ऑफिसचं कुंपण होतं. "साहेब सोडत नाहीत" हे कारण घरी चालायचं आणि संघटनेतही चालायचं. निवृत्तीनंतर ते कुंपण गेलं. आता घरचे म्हणतात, "बाबा मोकळेच आहेत, नातवाला आणतील." संघटना म्हणते, "काका मोकळेच आहेत, निवेदन तेच देतील." दोघंही एकाच साठ्यातून उचलतात आणि एकमेकांना विचारत नाहीत. त्यात महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मुळे सरकारी माणसाला सगळी नोकरी राजकारणापासून दूर राहावं लागतं. तो बांध फुटल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत येईल त्या कामाला हो म्हटलं जातं. त्यात चूक काही नाही, पण तो हो नंतर मोजून घ्यावा लागतो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, पत्नीची तब्येत नाजूक असेल किंवा पेन्शनवरच घर चालत असेल, तर खालचं सगळं निम्म्याने कमी धरा. निवडणुकीच्या काळात कोणताच समतोल टिकत नाही. तेव्हा घरी आधीच सांगावं की अमुक तारखेपासून मतदानापर्यंत मी धरायचा नाही, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ते खरंच संपवावं. आणखी एक प्रश्न स्वतःला खरेपणाने विचारा: घरात करमत नाही, घरच्यांशी बोलायला विषय उरला नाही, म्हणून तर मोर्चात जीव रमत नाही ना? उत्तर हो आलं तर कॅलेंडर कितीही नीट लावा, उपयोग नाही. तो वेगळा विषय आहे आणि तो पत्नीशी बोलूनच सुटतो.

आता मुद्द्यावर येतो. पेन्शनरांच्या आणि वस्तीच्या आंदोलनांत कामं वाटताना मी ती महत्त्वानुसार वाटत नाही. तारीख कोणाच्या हातात आहे, यावरून वाटतो. त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिलं तारखेचं काम. मोर्चा, धरणं, अधिवेशनातलं निवेदन, मंत्र्यांच्या दौऱ्यातली भेट, झाडावर नोटीस लागल्यावरची धावपळ. याची तारीख दुसरा ठरवतो आणि ती बदलली की तुमचा सगळा आठवडा बदलतो. दुसरं मुदतीचं काम. माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिलं, तक्रारींचा पाठपुरावा, हरकती, हिशेब, बदल अहवाल (संस्थेचे पदाधिकारी बदलल्याची कळवणी). इथे शेवटची तारीख पक्की असते, पण त्याच्या आत कधी बसायचं ते तुम्ही ठरवता. तिसरं बैठं काम: शासन निर्णयांची फाईल विषयवार लावणं, कात्रणं, जुन्या निवेदनांची यादी, नव्या पोरांना अर्ज लिहायला शिकवणं. याला तारीखही नाही आणि मुदतही नाही.

निवृत्त माणूस हटकून पहिलं काम घेतो, कारण ते दिसतं. संविधान चौकात झेंडा धरलेला फोटो व्हॉट्सॲप गटावर पडतो, अपिलाच्या पोचपावतीचा पडत नाही. पण संघटनांना माणसं कमी पडतात ती दुसऱ्या कामाला. शंभर माणसं मोर्चाला येतात. तीस दिवस झाल्यावर पहिलं अपील टाकायची आठवण त्यांतल्या एखाद्यालाच असते. आणि ज्याने तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, टिपणी लिहिली, त्याच्याइतकं हे काम कोणाला जमणार? माझं म्हणणं सरळ आहे: मुदतीचं काम तुमचं मुख्य काम करा, तारखेची कामं वर्षाला मोजून घ्या आणि बाकीची तरुणांना द्या. घर आणि चळवळ यांचं भांडण बहुतेक वेळा तारखेच्या कामावरून होतं. मुदतीचं काम घराच्या तारखांच्या मधल्या जागेत बसतं.

कसं बसतं ते माहिती अधिकारावरच दाखवतो. २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्जाचं उत्तर तीस दिवसांत यायला हवं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायला नव्वद दिवस, आणि आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे. आपल्या राज्यात अर्जाला दहा रुपये, अपिलाला वीस रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. आता तुमची सहल घ्या, २० डिसेंबर ते २ जानेवारी. अर्ज २० ऑक्टोबरला दिला तर तीस दिवस १९ नोव्हेंबरला संपतात आणि अपिलाची मुदत १९ डिसेंबरला, म्हणजे नेमकं निघायच्या आदल्या दिवशी. घरात बॅगा भरणं चालू आणि तुम्ही टायपिंगच्या दुकानात. पत्नीचा राग इथूनच सुरू होतो. तोच अर्ज २५ नोव्हेंबरला दिला तर उत्तराची मुदत २५ डिसेंबरला, म्हणजे तुम्ही समुद्रावर असताना संपते आणि अपिलाला २४ जानेवारीपर्यंत वेळ राहतो. आल्यावर निवांत तीन आठवडे. मधल्या काळात झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं, तर पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यांच्या तीस दिवसांत धरले जात नाहीत. म्हणून निघण्याआधी शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला सांगून ठेवा की असं पाकीट आलं तर फोटो पाठव.

दर अर्जामागे वहीत पाच रकाने आखा: दिल्याची तारीख, तीस दिवस संपतात ती तारीख, अपिलाची शेवटची तारीख, दुसऱ्या अपिलाची शेवटची तारीख, आणि "त्या दिवशी घरी काय आहे". हा पाचवा रकाना कोणी आखत नाही. तिथे महालक्ष्म्या, नातवाची परीक्षा, डॉक्टरकडची तारीख असं काहीही येईल. त्या तारखेच्या आधी चार दिवस काम उरकलेलं असावं.

फाईल बघायला अर्जच लागतो असं नाही. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि आचारसंहितेत तो होत नाही. म्हणून सोमवारची दुपार ही "बाबांची ऑफिसची वेळ" असं घरी जाहीर करून टाका. नातवाला त्या दिवशी दुसऱ्याने आणायचं. जोडीला गुरुवारची सकाळ घ्या. आठवड्यात एवढे दोन अर्धे दिवस पक्के दिले, तर कुठल्याही संघटनेला तुमचं काम पुरून उरतं. बाकी दिवशी फोन आला की "सोमवारी बघतो" म्हणायचं. पहिले दोन महिने लोक रागावतात, मग सोमवारीच फोन करतात.

कोषाध्यक्षपदाबद्दल मात्र कडक बोलतो. निवृत्त लिपिकाला हे पद गळ्यात मारलं जातं, कारण त्याचा हिशेब स्वच्छ असतो. पण चेकवर तुमची सही लागत असेल तर तुम्ही सुट्टीवर गेलात की संघटनाच अडते आणि कोकणात फोन वाजत राहतो. बँकेत ठराव देऊन तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार, अशी सोय करून घ्या. रोख पेटीत घरी ठेवू नका. पद सोडायचं ठरलं तर नुसता राजीनामा पुरेसा नाही. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि तुम्ही विश्वस्त किंवा कार्यकारिणीत असाल, तर १९५० च्या न्यास कायद्याप्रमाणे बदल अहवाल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो गेला नाही तर कागदावर जबाबदार तुम्हीच राहता. तीन पदं एकदम सोडू नका, लोक दुखावतात आणि काम पडतं. एक पद ठेवा, दुसऱ्याला वारसदार शोधून तीन महिने त्याला बरोबर बसवा, तिसऱ्यात साधे सभासद राहा. माझं मत विचाराल तर पक्षाचं वॉर्डातलं काम आधी तरुणाकडे द्या. त्यात तारखेचं काम सगळ्यात जास्त असतं आणि संध्याकाळ रोज जाते.

झाडांच्या गटात अडचण वेगळी आहे. नोटीस केव्हा लागेल सांगता येत नाही आणि हरकतीला दिवस थोडे मिळतात. यावर उपाय तयारीचा. हरकतीचा मसुदा आधीच लिहून ठेवा. झाडाची जात, अंदाजे वय, खोडाचा घेर, जागा, नोटिशीचा क्रमांक एवढ्याच जागा मोकळ्या सोडा. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला १९७५ च्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने "प्राचीन वृक्ष" म्हणून वेगळा दर्जा दिलाय, त्याचा परिच्छेद तयार ठेवा. मग नोटीस लागली की कोणीही फोटो काढतो, जागा भरतो आणि हरकत देतो. तुम्ही गावी असलात तरी काम थांबत नाही.

आता घरातला भाग. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जे कॅलेंडर असतं, ज्यावर दूध आणि गॅसच्या तारखा लिहिलेल्या असतात, त्यावरच सगळं लिहायचं. मोबाईलमधलं कॅलेंडर तुमच्यापुरतं असतं, भिंतीवरचं घराचं असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळच्या चहाला ते खाली उतरवून मधे ठेवा. पेन आधी पत्नीच्या हातात. निळ्या शाईने घरच्या तारखा त्यांनी लिहायच्या: माहेरचं लग्न, डोळ्यांची तपासणी, सुनेची रात्रपाळी, भिशी, आणि "काही नाही, नुसतं घरी" असे दोन दिवसही. त्यानंतर उरलेल्या चौकोनांत लाल शाईने तुमचं. क्रम महत्त्वाचा आहे. तुम्ही आधी लिहिलंत तर त्या उरलेल्या जागेत मावतात, आणि तसं मावायची त्यांची सवय तीस वर्षांची आहे, त्या बोलणार नाहीत. लाल तारीख वाढवायची झाली तर विचारून. निळी तारीख खोडायची नाही, कोणाचा कितीही मोठा फोन आला तरी.

वर्षाच्या निळ्या तारखा नागपुरात तशा ठरलेल्या आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: नातवाचा लाकडी बैल, त्याच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू, मग वस्तीतल्या मिरवणुकीत त्याचा हात धरून चालणं आणि घरोघरचा बोजारा (पोरांना मिळणारा खाऊ-पैसा) त्याच्या पिशवीत पडताना बघणं. सहा वर्षांच्या पोराला हा दिवस कळतो, दहा-बारा वर्षांचं झालं की ते मित्रांबरोबर जातं. म्हणजे असे तान्हे पोळे तुमच्या हातात पाच-सहाच आहेत. त्या दिवशी कुठल्याही बैठकीला जाऊ नका. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसमुदाय असतो. तिथे सेवेला उभे राहत असाल तर ती तारीख घरच्यांनाही आधीपासून ठाऊक हवी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तो पहिल्या आठवड्यातच उरकावा. संघटनेतल्या बाकी म्हाताऱ्यांचे दाखले भरून देता देता स्वतःचा राहून जातो, हे दरवर्षी दिसतं.

आणखी एक, ज्यावर पुरुष कार्यकर्ते बोलत नाहीत. बैठका घरी घेऊ नका. आठ माणसं दोन तास बसली की चहा दोनदा होतो, पाणी चारदा, वर पोह्यांचा आग्रह, आणि हे करतं कोण? ओट्याशी उभं राहणारं माणूस त्या चळवळीत न विचारता भरती झालेलं असतं. बैठक समाजभवनात, वाचनालयात किंवा बगिच्यात घ्या आणि चहा टपरीवरून आणा. पत्नीला खरंच काम आवडत असेल तर त्या बैठकीत खुर्चीवर बसतील, स्वयंपाकघरात नाही. आणि आवडत नसेल तर "तू पण चल ना" चा आग्रह धरू नका. त्यांचीही निवृत्ती आहे, ती त्यांना हवी तशी जगू द्या.

मुलगा सरकारी नोकरीत आहे, म्हणून काळजी जास्त घ्यावी लागेल. वर्तणूक नियमांत सरकारी कर्मचाऱ्याने स्वतःच्या अंगावर, गाडीवर किंवा निवासस्थानावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे निवडणुकीत वजन वापरणं धरलं जातं. तो तुमच्याच घरात राहतो. त्यामुळे निवडणुकीत फाटकावर पक्षाचा झेंडा नाही, त्याच्या गाडीवर स्टिकर नाही, प्रचाराला त्याची गाडी नाही. स्टेजवर त्याला बोलावणं नाही, फोटोत टॅग करणं नाही. पक्षाला सांगा, "माझ्या घरी सरकारी माणूस आहे." समजूतदार कार्यकर्ता लगेच समजतो.

फोनचे नियम दोनच. घरच्या गटावर राजकीय फॉरवर्ड एकही नाही, मग तो कितीही पटलेला असो. आणि जेवणाच्या ताटावर फोन उपडा. जावयाचं मत वेगळं असेल तर सणाच्या पंगतीत वाद काढू नका. मत बदलवायचंच असेल तर संध्याकाळी फुटाळा तलावावर फिरताना दोघंच बोला. पंगतीत हरलेला माणूस कधी पटत नाही, कारण सगळे बघत असतात.

जे मोजके मोर्चे कराल ते नीट करा. अधिवेशनातले मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट किंवा टेकडी रोडवर अडवले जातात, मग शिष्टमंडळ जाऊन येईपर्यंत तासन्‌तास रस्त्यावर बसायचं असतं. चालणं साठीच्या माणसाला झेपतं, बसणं झेपत नाही. लघवीची सोय नसते म्हणून लोक सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते. आदल्या दिवशी जवळचं स्वच्छतागृह बघून ठेवा, सीताबर्डी मेट्रो स्टेशनसारखं. रक्तदाबाची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी त्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरला आधी विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. पिशवीत एक लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, गूळ किंवा बिस्किटं, दिवसभराच्या गोळ्या अधिक एक दिवसाच्या जास्तीच्या, घडीची चटई, दुपट्टा, चार्ज केलेला फोन, आणि कागदावर घरचा व वकिलाचा नंबर. एप्रिल-मे मध्ये नागपुरात अकरानंतरच्या मोर्चाला साठीच्या माणसाने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचं राहत नाही, पाणी, मीठ आणि सावलीने राहतं. साखळी उपोषणात नाव देऊ नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उपाशीपोटी साखर एकदम घसरते आणि मंडपात ते "झोप लागली" असं दिसतं.

पोलिसांबद्दल घरच्यांच्या मनात भीती असते, ती माहितीने कमी होते. मोर्चाच्या परवानगीची लेखी प्रत आयोजकांकडे आहे का, आधी विचारा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश चालू असताना विनापरवानगी जमलात तर कलम १३५ खाली गुन्हा लागू शकतो. गाडीत भरून नेऊन संध्याकाळी सोडणं वेगळं आणि गुन्हा नोंदवून अटक वेगळी. सही करताना कागद वाचा आणि कशावर सही केली ते लिहून ठेवा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(७) प्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरच्या माणसाला पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. तुम्हाला ते लागू आहे, हे घरी सांगा. आणि ताब्यात घेतल्याची बातमी गटावरून कळण्याआधी पत्नीला तुमच्या तोंडून कळू द्या.

मुलीकडे जायचंय म्हणून हे खास लक्षात ठेवा. न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग न्यायालयाची परवानगी आणावी लागते आणि आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये कधी अटक झाली होती का, असा थेट प्रश्न असतो आणि तिथे खोटं लिहायचं नसतं. म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण आणि व्हिसा होईपर्यंत विनापरवानगी आंदोलनात पुढच्या रांगेत बसू नका. हे भ्यायचं लक्षण नाही, क्रम लावण्याचा भाग आहे. नुसत्या शांततेच्या मोर्चाने पेन्शन बंद होत नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा किंवा गंभीर गैरवर्तन असेल तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत ती रोखता येते.

पैशाचं थोडक्यात. पेन्शनच्या पाच टक्क्यांवर चळवळीचा खर्च जाऊ देऊ नका, पेट्रोल आणि झेरॉक्स धरून. अंशराशीकरण केलं असेल, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला असेल, तर पंधरा वर्षं पेन्शन कमीच मिळते, ते धरून हिशेब करा. ग्रॅच्युइटीतून उसने देऊ नका. पक्षाला देणगी द्याल तर बँकेतून द्या; रोख दिलेल्यावर आयकरात सूट मिळत नाही, आणि नवी करपद्धत घेतली असेल तर कशीही मिळत नाही.

आता तुमच्या डिसेंबरबद्दल. कोकणात जा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, अधिवेशनाच्या तारखा बहुधा त्यानंतर पक्क्या होतात आणि त्या बदलतातही. ज्याची तारीख आधी ठरते त्याला आधी जागा द्यायची. अधिवेशनाचं तुमचं काम नोव्हेंबरातच करून ठेवा: मागण्यांचं निवेदन एका पानात, मागे लागणाऱ्या शासन निर्णयांच्या प्रती क्रमाने, आणि विदर्भातल्या ज्या आमदारांना भेटायचं त्यांची यादी कोणी कोणाला भेटायचं या रकान्यासह. पंधरा संच झेरॉक्स करून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, १८ डिसेंबरला दोन तरुणांच्या हातात द्या. शिष्टमंडळात आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काय बोलायचं ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. सहलीत रोज एकच वेळ ठेवा, संध्याकाळी सात ते साडेसात, तेव्हाच तुम्ही फोन घ्याल असं त्या दोघांना सांगा आणि पत्नीलाही. पहिल्या दिवशी सात वाजता फोन आला तर बोला, साडेसातला ठेवा.

वार्षिक तारखांची वही आखताना अडलं तर अर्जांच्या तारखा इथे लिहा, नावं आणि कार्यालयं वगळून. मुदती मोजून देतो.